ड्रॅगनला बोलू द्या

माझे ड्रॅगन टिकत नाहीत, ही तक्रार घेऊन जावं असं या जगात एकही कार्यालय नाही. नळ गळत असेल तर प्लंबर आहे, दात दुखत असेल तर आमच्या इमारतीत खालच्याच मजल्यावर डेंटिस्ट आहेत. पण आठवडाभर डोकं खाजवून, ऑफिसात फायलींच्या आड नकाशे काढून उभा केलेला ड्रॅगन रविवारी संध्याकाळी आला, त्याने पंख पसरले, आणि चहा निवायच्या आत तो मेला, तर माणसाने कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

आधी खेळ काय ते सांगतो, म्हणजे माझा अपमान नीट समजेल. चार-पाच माणसांनी टेबलाभोवती बसायचं. एकाने सूत्रधार व्हायचं. तो गोष्ट सांगतो आणि संकटं आणतो. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि ‘आता मी हे करतो, मी तिकडे जातो’ असं सांगत त्या गोष्टीत शिरायचं. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. मुलगी शिकायला परगावी गेली तेव्हा हा खेळाचा खोका मागे ठेवून गेली. मी विमा कंपनीच्या दावे विभागात आहे. लोकांवर ओढवलेल्या संकटांच्या कहाण्या रोज वाचतो. तेव्हा चार संकटं आपल्यालाही आणता येतील, असं मला वाटलं आणि मी सूत्रधार झालो.

बायको चोर झाली. इतकी वर्षं सरळ संसार केल्यावर आता जरा चोरी करून बघावीशी वाटते, असं तिने कारण दिलं. मी खोलात गेलो नाही. डेंटिस्ट वैद्य झाले. दातांच्या पलीकडेही शरीर असतं, ते एकदा बघायचं होतं म्हणाले. आणि आमची आत्या दुभाषी झाली.

आत्याबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण ती स्वतः सांगणार नाही. ती कोर्टात स्टेनो होती. वकील बोलायचे, साक्षीदार बोलायचे, न्यायाधीश बोलायचे आणि ही सगळ्यांचं उतरवून घ्यायची. नोकरीभर ती भर कोर्टात एक शब्द बोललेली नाही. निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आली, तरी ती सवय गेली नाही. जेवताना आम्ही बोलतो, ती ऐकते. कधी कधी तिची बोटं टेबलावर हलकेच हलतात, तेव्हा मी आवाज खाली आणतो.

अशा आत्याने खोक्यातली सगळी पात्रं चाळून नेमकी दुभाषी निवडली. तलवार नाही, ढाल नाही, अंगात जोर नाही. एकच विद्या: तिला ड्रॅगनची भाषा येते.

“अगं आत्या, जरा ताकदीचं काहीतरी घे की,” मी म्हणालो.

“ड्रॅगनशी अजून कुणी बोललंच नसेल ना,” ती म्हणाली. “सगळे मारायलाच जातात. त्याचं म्हणणं काय असतं, ते कुठे कुणाला ठाऊक आहे?”

आमच्याकडे आल्यापासून ती एका दमात एवढं कधी बोलली नव्हती. बायकोने स्वयंपाकघरातून मान बाहेर काढून बघितलं. मी त्याच रात्री ठरवलं, की ड्रॅगन आणायचा आणि आत्याला त्याच्याशी बोलू द्यायचं. एवढाच माझा बेत होता. फार मोठी महत्त्वाकांक्षा होती असं कुणी म्हणू नये.

पण वरच्या मजल्यावरचे करसल्लागारही खेळायला आले.

सल्लागार माणूस सज्जन. जिन्यात भेटले तर पिशवी उचलू लागतील. पण पुस्तक दिसलं की त्यांचं काहीतरी होतं. खेळाचं नियमपुस्तक मी त्यांना वाचायला दिलं, तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. आठवड्याने ते आले तेव्हा पुस्तकातून रंगीत चिठ्ठ्या बाहेर आल्या होत्या आणि त्यांचा वीर तयार होता. डावखुऱ्याला दोन आकडे जास्त मिळतात, म्हणून वीर डावखुरा. अनाथाला तीन, म्हणून अनाथ. समुद्रकाठी जन्मलेल्याला धुरापासून सूट, म्हणून समुद्रकाठी जन्मलेला. शिवाय एक डोळा गेलेला, गावाने वाळीत टाकलेला आणि कुण्या म्हातारीचा शाप असलेला. इतकं दुर्दैव एका माणसाच्या वाट्याला आलं तर लोक वर्गणी काढतात. सल्लागारांनी त्यातून सवलती काढल्या होत्या. नावाच्या रकान्यात त्यांनी ‘लागू नाही’ असं लिहिलं होतं. नावाला आकडे मिळत नाहीत.

पहिला ड्रॅगन डोंगराआडून आला. मी आवाज खोल लावला. आत्या खुर्चीत पुढे सरकली, पदर सारखा केला, तोंड उघडलं.

“डावा हात, अनाथ, शाप, उंचावरून उडी,” सल्लागारांनी फासा टाकला. “एकूण सत्तेचाळीस. मेला ना?”

पुस्तकाप्रमाणे तो दोनदा मेला होता. आत्याने उघडलेलं तोंड मिटलं आणि बिस्किटाची बशी पुढे सरकवली.

पुढच्या रविवारी मी मोठा ड्रॅगन आणला. तोही गेला. मग जोडी आणली. जोडीदार समोर असला की लक्ष विचलित होतं, असा एक नियम परिशिष्टात निघाला आणि दोघंही एकाच फाशात गेले. बायको म्हणाली, या नियमात मात्र तथ्य आहे. मी विषारी धूर सोडला. समुद्रकाठचा जन्म आडवा आला. मी वीराची तलवार चोरीला घालवली, तर सल्लागारांनी नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वावर अर्धा तास युक्तिवाद केला आणि तलवार व्याजासकट परत घेतली. तलवारीवर व्याज म्हणजे एक खंजीर, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यातून हा रोग संसर्गजन्य निघाला. डेंटिस्टांचा वैद्य साधा भोळा होता, झाडपाल्याची औषधं द्यायचा. सल्लागारांच्या नादी लागून त्यांनी त्याच औषधांचं प्रमाण वाढवून विष करता येतं, असा नियम शोधला. त्यानंतर त्यांच्याकडे औषध मागायला कुणी जाईना.

मी लोकांचा सल्ला घ्यायला लागलो. सल्ला मागावा लागतो, असं नाही. चेहरा पाडून लिफ्टपाशी उभं राहिलं तरी पुरतं. डेंटिस्ट म्हणाले, दुखणं मुळापासून उपटा, सल्लागारांना काढून टाका. हे सांगताना त्यांच्या खिशात त्याच सल्लागारांनी आखून दिलेली विषाची मात्रा होती. ऑफिसातले साहेब म्हणाले, “त्रास देणाऱ्या माणसाला पद द्यावं. गप्प बसतो. मला दिलं, बघा!” बायको म्हणाली, “अहो, त्यांना सरळ विचारा ना, तुम्हाला हवंय तरी काय?”

तीन सल्ल्यांतला सगळ्यात सोपा सोडून मी साहेबांचा घेतला. मोठ्या माणसाचं ऐकावं, असं लहानपणापासून मनावर बिंबलेलं असतं.

पद द्यायचं तर मंडळ हवं. तशी मंडळाची गरज दुसऱ्याही कारणाने होतीच. संकटं वाढवता वाढवता माझे नकाशे इतके मोठे झाले होते, की वाळवंट आमच्या जेवणाच्या टेबलावर मावेना आणि नदी फ्रीजखाली जायची. तळमजल्यावर इमारतीची मीटिंगची खोली होती. मी सेक्रेटरींकडे गेलो.

“खोली फक्त सभेसाठी मिळते,” ते म्हणाले. “खेळासाठी नाही.”

“आम्ही सभाच घेतो.”

“कसली सभा? विषय काय?”

खोटं बोलायला मला सुचत नाही. “ड्रॅगन,” मी म्हणालो.

त्यांनी अर्जावर ‘इतर विषय’ असं लिहिलं. मग म्हणाले, नोंदलेलं मंडळ हवं, घटना हवी, अध्यक्ष, उपाध्यक्ष हवेत, आणि प्रत्येक सभेचं इतिवृत्त माझ्याकडे आलं पाहिजे. पंखे वापरणार असाल तर तसं इतिवृत्तात लिहा.

घटना कोण लिहिणार? इमारतीत असा माणूस एकच. सल्लागारांना मी उपाध्यक्ष केलं आणि त्यांनी घटना लिहून आणली. ती इतक्या उत्तम सरकारी भाषेत होती, की माझा हात आपोआप सहीला गेला. खाली काय आहे ते सही वाळल्यावर वाचलं. ‘सूत्रधाराने आणावयाची संकटे सभेपुढे आगाऊ मांडून मंजूर करून घ्यावीत.’ मतं समसमान पडल्यास निर्णायक मत उपाध्यक्षांचं.

पुढच्या रविवारी आमच्या मंडळाने ठराव केला, की ड्रॅगनने येण्यापूर्वी आठवडाभर आधी लेखी सूचना द्यावी. सूचक सल्लागार, अनुमोदक डेंटिस्ट. मी आणि बायको विरोधात. आत्या तटस्थ, कारण ती लिहीत होती.

हो, इतिवृत्त लिहायचं काम आम्ही आत्याला दिलं होतं. स्टेनो घरात असताना दुसरं कुणाला देणार, असं सगळेच म्हणाले. मीही म्हणालो. माझं लक्ष घटनेच्या कलमांत होतं. जी बोलायला आली होती तिच्या हातात आपण पुन्हा पेन्सिल दिली, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

ते बायकोच्या ध्यानात आलं होतं. त्या आठवड्यात कपड्यांच्या घड्या घालताना ती मला म्हणाली, “आत्या महिनाअखेरीला त्यांच्या जुन्या घरी परत जाणार म्हणतायत.”

“तिथे कोण आहे? एकटी करणार काय?”

“मीही तेच विचारलं. म्हणाल्या, तिथेही गप्प बसायचं, इथेही गप्प बसायचं. तिथे निदान कुणाचं लिहून घ्यावं लागणार नाही.”

मला फार वाईट वाटलं. रागही आला, आणि नेहमीप्रमाणे तो दुसऱ्यावर आला. मी तडक वर जाऊन सल्लागारांची बेल वाजवली. त्यांनी दार उघडलं तेव्हा मी भांडणाची पहिली तीन वाक्यं पाठ करून तयार होतो. पण आत टेबलावर नियमपुस्तक उघडं होतं, शेजारी दोन कप होते, त्यातल्या एकात पेन्सिली. ते आनंदाने म्हणाले, “या, या! एक नवीन पळवाट सापडलीय, बघता?” आणि माझी तिन्ही वाक्यं फुकट गेली.

“सल्लागार,” मी म्हणालो, “तुम्हाला हवंय तरी काय?”

“म्हणजे?”

“खेळात. एवढं अजिंक्य होऊन काय मिळतं? मला खरंच जाणून घ्यायचंय.”

ते खाली बसले. हा प्रश्न कुठल्याच पानावर नव्हता. “इथे बसून आकडे जुळतात ना, तेव्हा मजा येते,” ते सावकाश म्हणाले. “खाली आलं की नाही येत. तुम्ही म्हणता ड्रॅगन आला, मी म्हणतो मेला. मग करायला काही उरत नाही. तुमचा चेहरा पडतो, मला वाटतं आता हे पुढच्या वेळी आणखी मोठं काहीतरी आणणार, म्हणून मी आणखी तयारी करतो.”

“आणि तुम्ही तयारी करता म्हणून मी मोठं आणतो.”

“असं होय!” ते म्हणाले.

कोडं उलगडलं होतं, पण त्याचं करायचं काय, ते दोघांनाही माहीत नव्हतं. मी निघताना ते म्हणाले, “पण वीर मुद्दाम कमजोर करायचा म्हणजे फसवणूक होईल हो. ते मला जमणार नाही.” त्यांच्या धंद्यातल्या माणसाने हे म्हणावं याचं मला नवल वाटलं.

महिन्याचा शेवटचा रविवार आला. आत्याची बॅग दाराशी उभी होती. सोमवारी सकाळी तिला निघायचं होतं. बायकोने तिला शेवटचं म्हणून खाली आणलं. ती नेहमीच्या खुर्चीत बसली, पेन्सिल काढली, तारीख घातली. ड्रॅगनची लेखी सूचना मी आठवडाभर आधी दिली होती, पण सूचनेवर ड्रॅगनची सही नाही, म्हणून ती डेंटिस्टांच्या हरकतीवर अडकली होती. दुसरं काही मी तयार केलं नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. वेळ काढायला म्हणून मी बोलत सुटलो.

“तुम्ही एका विहिरीपाशी येता. एक बाई पाणी काढायला आलीय. कडेवर तान्हं बाळ आहे. ती या अजिंक्य वीराला म्हणते, भाऊ, जरा हिला धरता का? एवढा पोहरा ओढून काढते.”

सल्लागारांनी पुस्तक ओढलं. “धरतो. कोणत्या आकड्यावर? बळ? चपळाई?”

“फासा नको. नुसतं धरायचं.”

“नुसतं कसं? ते ओझ्यात मोडतं का?” त्यांनी पान उलटलं. “ओझ्यात मोडत असेल, तर ओझं केव्हाही खाली ठेवता येतं. पान चौऱ्याऐंशी.”

“ठेवा की,” मी म्हणालो.

सल्लागार थांबले. “खाली कसंय?”

“विहिरीचा काठ आहे. ओलं. दगड.”

“छे छे,” ते म्हणाले. त्यांनी पुस्तक बाजूला केलं आणि दोन्ही हात कोपरात वाकवून पुढे धरले. आपण असं केलंय, हे त्यांच्या लक्षात आलं असावं असं वाटत नाही.

“मान सावरा,” बायको म्हणाली.

त्यांनी डावं कोपर वर घेतलं. “अशी?”

“थोडी आणखी. हां.”

“झोपलीय का ही?” त्यांनी मला विचारलं.

“झोपतेय,” मी म्हणालो. मला स्वतःलाच पुढे काय होतं ते बघायची उत्सुकता लागली होती. मग मला दुर्बुद्धी झाली म्हणा की सद्बुद्धी, ठरावबिराव धाब्यावर बसवून मी ड्रॅगन आणला. झाडं वाकली, ती बाई पोहरा टाकून झाडामागे पळाली, आणि विहिरीच्या पलीकडच्या काठावर तो उतरला.

“मारा!” डेंटिस्ट ओरडले.

“हळू हो!” सल्लागार म्हणाले. “दोन्ही हात अडकलेत.”

“एका हातात घ्या ना! डावा मोकळा करा! सत्तेचाळीस!”

“आणि मान कोण धरणार? तुम्ही?”

“अहो, पण बाळाला दोन हात लागतात असं नियमात कुठे लिहिलंय?”

“नियमात नसलं म्हणून काय झालं!” सल्लागार म्हणाले. जन्मात त्यांच्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदाच बाहेर पडलं असणार. सल्लागारांनी हात जराही न हलवता मान वळवली आणि कुजबुजल्या आवाजात म्हणाले, “आत्या, तुम्हाला येते ना त्याची भाषा? बोला की त्याच्याशी. फक्त हळू बोलायला सांगा त्याला.”

आत्याची पेन्सिल थांबली. तिने ती कागदावर आडवी ठेवली. पदर सारखा केला. मग माझ्याकडे, म्हणजे ड्रॅगनकडे बघून ती म्हणाली, “तुमचं काय म्हणणं आहे? सावकाश सांगा. मध्ये कुणी बोलणार नाही.”

आणि माझी बोबडी वळली. इतके ड्रॅगन आणले, पण तू आलास कशाला, हे मी त्यातल्या एकालाही कधी विचारलं नव्हतं. त्यांची लांबी मला ठाऊक होती, दातांची धार ठाऊक होती. म्हणणं ठाऊक नव्हतं.

“तहान लागलीय,” मी म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही.

“मग आलात तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“सांगणार होतो. दर वेळी सांगायच्या आधीच…” मी सल्लागारांच्या अडकलेल्या हातांकडे बघितलं.

“खरंय,” आत्या म्हणाली. “असं होतं.”

मग ती बोलत राहिली. पंख मिटून बसा म्हणाली, वाऱ्याने लोक घाबरतात. बायका पाणी भरून गेल्या की या, तोवर टेकडीमागे थांबा. नदी कुठल्या बाजूला आटली ते तिने विचारून घेतलं. मी उत्तरं देत गेलो आणि ती एकेक उत्तर उलटून पालटून तपासत गेली. इतकी वर्षं उलटतपासण्या ऐकलेलं माणूस ते. मध्ये एकदा ती खळखळून हसली. डेंटिस्टांनी कधी नव्हे ते वैद्य म्हणून ड्रॅगनचा घसा तपासू का, असं विचारलं. इतिवृत्त कुणीच लिहीत नव्हतं.

सेक्रेटरींनी दार वाजवलं तेव्हा आम्हाला कळलं की वेळ संपलीय. त्यांनी पंखा बंद केला, दिवा बंद करायला हात नेला. डेंटिस्ट उठले, बायकोने फासे गोळा केले. सल्लागार मात्र खुर्चीतून हलले नाहीत. हात तसेच होते.

“चला,” मी म्हणालो. “उरलेलं पुढच्या रविवारी.”

“ती बाई तर झाडामागेच राहिली,” ते म्हणाले.

“येईल पुढच्या रविवारी.”

“आणि तोवर हिचं काय?”

सेक्रेटरी एकदा त्यांच्या हातांकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होते, आणि आयुष्यात प्रथमच त्यांना काय विचारावं ते सुचत नव्हतं.

आत्या उठली. पर्स बायकोकडे दिली आणि सल्लागारांपुढे जाऊन तिने दोन्ही हात पसरले. सल्लागार सावकाश उभे राहिले. त्यांनी आधी एक हात काढला, मग दुसरा.

“मान,” ते म्हणाले.

“धरलीय,” आत्या म्हणाली. ती दोन्ही हात छातीशी धरून जिना चढू लागली. बायको पुढे धावली, तिने घराचं दार उघडलं आणि आधी दाराशी उभी असलेली आत्याची बॅग उचलून आत नेली.